खारींचं जेवण आणि कॉलनीची भोगी

माझ्या वडिलांनी साठ हिवाळे पाखरं हाकलण्यात घालवले आणि मी एक हिवाळा पाखरं बोलावण्यात घालवला. दोघांपैकी यश फक्त त्यांना आलं.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. गंगापूरकडे आमची थोडीबहुत शेती आहे. थंडीत शाळू दाण्यात आला की आण्णा पहाटेच माळ्यावर चढून गोफण फिरवायचे. त्यांच्या आरोळीला घाबरून पाखरं आमचंच नव्हे, शेजारच्या दोन भावकींचंही रान सोडून जायची, असा त्यांचा लौकिक होता. मी मात्र त्यांचा एकुलता एक मुलगा औरंगाबादला येऊन कारकून झालो. फायलींवर पाखरं बसत नाहीत, त्यामुळे गोफणीची विद्या माझ्यापाशी येऊन थांबली.

आई गेली त्या वर्षीच्या दिवाळीला मी आण्णांना हट्टानं शहरात आणलं. गावात ते एकटेच चुलीपुढं बसणार, एकटेच जेवणार, संध्याकाळी ओट्यावर बसून कुणाचीच वाट बघणार, हे मला सहन होत नव्हतं. त्यांनी निदान शिमग्यापर्यंत तरी राहावं असं मला मनापासून वाटत होतं. पण आण्णांचं आठ दिवसांतच बिनसलं.

"करमत नाय," अंगणात उन्हाला बसून मफलर घट्ट करत ते म्हणाले.

"काय कमी आहे इथं?"

"पाखरू नाय एक बी. सकाळी उठावं तर नुसत्या कुकरच्या शिट्ट्या. ही काय वस्ती हाय?"

"ज्यांना जन्मभर शिव्या घातल्या त्यांची आठवण येते होय?"

"शिव्या घालायला तरी असावं की कुणी."

मी जिद्दीला पेटलो. पाखरं आणून दाखवतो म्हणालो. आण्णांनी लगेच पैज लावली. भोगीच्या दिवशी दिवस मावळेपर्यंत माझ्या अंगणात, त्यांच्या डोळ्यांदेखत, एका तरी पाखरानं दाणा टिपला तर ते शिमगा करून जातील. नाही टिपला तर संक्रांत आणि कर झाली की गंगापूरची यष्टी. मी पडलो कारकून. सगळ्या अटी वहीत लिहून काढल्या आणि खाली आण्णांची सही घेतली. ('पाखरू म्हंजी उडनारं. कोंबडी चालनार नाय,' ही पुरवणी त्यांनी सहीच्या आधी घालायला लावली.)

अंगणात दौलताबादच्या रोपवाटिकेतून आणलेलं पेरूचं झाड होतं. त्याच्या फांदीला मी सुतळीनं मातीचं परळ टांगलं आणि त्यात मूठभर बाजरी टाकली. तिसऱ्याच दिवशी सकाळी एक बुलबुल आला! फांदीवर बसला, मान वाकडी करून त्यानं परळात पाहिलं, आणि टुणकन काठावर उतरला. त्यानं चोच खाली नेली.

"हाऽऽ हुर्रर्र!" माझ्या शेजारूनच आरोळी उठली. बुलबुल गेला. कोपऱ्यावरचा दूधवाला सायकलवरून पडला. आण्णा खुर्चीतून अर्धवट उठून हात वर करून उभे होते.

"आण्णा, हे काय?"

ते स्वतःच ओशाळले होते. "हात आपोआप उठला रं. साठ वर्साची सवय हाय."

"पण पाखरू आलं होतं. म्हणजे पैज मी जिंकली."

"दाना टिपला का? वही बघ."

वहीत तसंच लिहिलं होतं, माझ्याच सुवाच्य अक्षरात.

पुढचे काही दिवस बुलबुल आला नाही, पण शेजारच्या पत्र्याखाली राहणाऱ्या दोन खारींना परळाचा पत्ता लागला. आण्णा खारींवर मात्र ओरडत नसत. (खारी त्यांच्या खात्यात येत नव्हत्या.) पहिल्या दिवशी खारींनी बाजरी संपवली. दुसऱ्या दिवशी बाजरी संपवून वर सुतळी कुरतडली आणि परळ फोडलं. मी नवीन परळ आणून तारेनं टांगलं. खारी तारेवरून खाली आल्या. मी तारेला सायकलच्या दुकानातलं वंगण फासलं. मोठी खार त्यावरून सर्रकन घसरत थेट बाजरीत येऊन बसली. चालत येण्याचे तिचे कष्ट तेवढे वाचले. जेवण झाल्यावर ती दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवरून घरी गेली. चादरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी इवलीइवली पावलं उमटली.

"अहो, गौरी आल्यात का आपल्याकडं?" माझी बायको सुनंदा चादर समोर धरून म्हणाली.

मग मी परातीचा प्रयोग केला. परळाच्या वर छत्रीसारखी उपडी परात लावली की खार तिच्यावरून घसरून पडणार, असा हिशेब होता. परातीला मधोमध भोक पाडल्याशिवाय तार ओवता येत नव्हती, म्हणून मी ते पाडलं. ती सुनंदाची कणीक मळायची परात होती, हे मी भोक पाडून झाल्यावर सांगितलं. पहिल्याच सकाळी खार भिंतीवरून उडी मारून परातीच्या खालून परळात शिरली आणि सावलीत बसून जेवली. परात उन्हात अशी लखलखत होती की पाखरं आमच्या गल्लीतूनसुद्धा जाईनात.

आण्णा खुर्चीत बसून सगळं बघत होते. "खारीला जे कळतं ते तुला कळंना. चार इयत्ता कमी शिकायला पायजे व्हतं तू."

असं करता करता संक्रांत दहा दिवसांवर आली. आण्णांनी आपलं धोतर इस्त्रीला द्यायला सांगितलं. हे निघायच्या तयारीचं लक्षण होतं.

त्या संध्याकाळी मी दळण घेऊन सत्तारभाईंच्या गिरणीत गेलो. सत्तारभाईंची गिरणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी होती आणि त्यांच्याकडं प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. माझी कहाणी ऐकून ते पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून म्हणाले, "दत्ताभाऊ, एक बात बोलू? मिट्टू कू मिर्ची लगती क्या?"

"पोपटाला? नाही. आवडीनं खातो."

"हौ! परिंदे कू मिर्ची लगतीच नई. और गिलहरी कू?"

"खारीला लागणारच!" मी आनंदानं त्यांचा हात धरला. पोपट मिरची खातो हे मला बालवाडीपासून माहीत होतं. त्याचा उपयोग करायला सत्तेचाळिसावं वर्ष उजाडावं लागलं!

तिखट नुसतं चोळलं तर उडून जाणार, म्हणून मी पाव किलो लवंगी मिरच्या उकळून त्यांचा काढा केला. सुनंदा तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरातून बाहेर पळाली. "कुणाची दृष्ट काढताय एवढी?" तिनं अंगणातून विचारलं. त्या काढ्यात पाच किलो बाजरी रात्रभर भिजवली आणि दोन दिवस गच्चीवर कडकडीत वाळवली. बाजरीचा रंग मुळातच मळकट, त्यामुळे वाळल्यावर ती दिसायला अगदी साधी बाजरी झाली. वासही कुठल्या कुठे गेला.

प्रयोग यशस्वी झाला. मोठी खार आली, तिनं एक दाणा तोंडात टाकला आणि तोंडावर दोन्ही हात ठेवून ती क्षणभर गप्प बसली. मग ती जी गेली ती पत्र्याखालच्या भावंडांनाही सांगून आली असावी, कारण दोन दिवस परळाकडं कुणी फिरकलं नाही. आता फक्त पाखराची वाट पाहायची होती, आणि भोगीला अजून चार दिवस होते.

घरात घोटाळा नको म्हणून मी पुरेपूर काळजी घेतली. भोगीच्या भाकरीची बाजरी आणि ही बाजरी सारख्याच दोन पत्र्याच्या डब्यांत जिन्याखाली होती. मी कचेरीतून चिकटपट्ट्या आणल्या आणि ठळक अक्षरांत 'घराकरिता' आणि 'पक्ष्यांकरिता' असं लिहून त्या डब्यांच्या झाकणांवर चिकटवल्या. पंचवीस वर्षं कागदांना टाचण्या लावणाऱ्या माणसाला झाकण निघतं हे सुचलं नाही.

मी कचेरीत गेलो असताना आण्णांनी दोन्ही डबे उघडून बाजरीला ऊन दाखवलं. धान्याला कीड लागू नये म्हणून शेतकरी माणूस हे करतोच. संध्याकाळी दोन्ही डबे पुन्हा जिन्याखाली ठेवले आणि जे झाकण हाताला लागलं ते बसवलं. हे सगळं मला कळलं भोगीच्या दिवशी.

भोगीच्या आदल्या दिवशी सुनंदानं मला दळणाला पाठवलं. मी मुद्दाम झाकण दोनदा वाचलं आणि 'घराकरिता' डबा उचलून गिरणीत नेला. बायकांची ही रांग! भोगीला बाजरीची भाकरी हवीच, त्यामुळे अकरा डबे बाजरीचेच होते. माझा नंबर पहिला लागला. माझ्या मागं शेजारच्या जोशीकाकू होत्या. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "सत्तारभाई, आधी काय दळलंय?" आधीच्या दळणाचं थोडं पीठ गिरणीत राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं, म्हणून गिरणीत हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणी डबा पुढं करत नाही.

"दत्ताभाऊ की बाजरी है. तुम्हारी भी बाजरीच है. बेफिकर रव्हो."

गिरणी सुरू झाली आणि सत्तारभाई शिंकले. मग जोशीकाकू शिंकल्या. मग रांग शिंकली. "थंडी लई पडलीय औंदा," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी डोळे पुसत मान डोलावली. मी गरम पिठाचा डबा घेऊन, शिंकत, समाधानानं घरी आलो.

भोगीच्या सकाळी मी 'पक्ष्यांकरिता' डब्यातली बाजरी परळात भरली. दहा मिनिटांत खारी आल्या. दोन नव्हे, पाच! बिनदिक्कत जेवू लागल्या. मला वाटलं, मराठवाड्यातल्याच खारी त्या, तिखटाला किती दिवस भिणार. आण्णांनी पेरूच्या झाडाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

दुपारी पानं वाढली. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांगी-गाजर-हरभऱ्याची भोगीची भाजी. मी पहिला घास घेतला. पाणी प्यायलो. लोणी खाल्लं. मग नुसतंच तोंड उघडं ठेवून बसलो. सुनंदाला उचकी लागली. आण्णा मात्र शांतपणे जेवत होते. एक भाकरी संपवून त्यांनी ताट पुढं केलं.

"सुनबाई, आज पयल्यांदा भाकरीत जीव हाय. अजून एक घाल."

सुनंदा उचकीतून म्हणाली, "अहो... कुठला डबा... नेला होता?"

"घराकरिता!" मी छातीठोकपणे म्हणालो. मग आम्ही तिघंही जिन्याखाली गेलो. आण्णांनी झाकणं पाहिली आणि म्हणाले, "झाकनावर बी कुनी लिहितं व्हय?"

तेवढ्यात मला आठवलं, की माझ्या मागं दहा डबे होते.

तक्रार खरं तर जोशीकाकूंची आधी यायला हवी होती, पण त्यांना बोलता येत नव्हतं. पहिली तक्रार गल्लीच्या पार टोकाच्या घरातून आली: भाकरी जरा झणझणीत लागतेय. सत्तारभाईंना गिरणीची अब्रू जिवापेक्षा प्यारी. आपल्या चक्कीत मिरचीचं मशीन वेगळं आणि धान्याचं वेगळं, हे त्यांनी छाती ठोकून सांगितलं आणि ते स्वतः तपासाला निघाले. रांगेत कुणाच्या मागं कोण होतं हे कुणालाच नीट आठवत नव्हतं. म्हणून त्यांनी घरोघरी भाकरीचा तुकडा मागून खायला सुरुवात केली, आणि जिकडं तिखट वाढेल तिकडं ते सरकत गेले. दहाव्या डब्याला त्यांनी ओठ चाटले. सातव्याला रुमाल काढला. चौथ्याला नळाखाली डोकं घातलं. जोशीकाकूंच्या दारातून ते बाहेर पडले तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि मागं दहा बायका पदरात भाकरी घेऊन चालत होत्या.

मिरवणूक आमच्या फाटकापाशी थांबली.

"दत्ताभाऊ," सत्तारभाई घोगऱ्या आवाजात म्हणाले, "एक टुकडा देव."

मी दिला. त्यांनी खाल्ला आणि ते पायरीवर बसले. मग त्यांनी आकाशाकडं पाहिलं.

"मिल गया," ते म्हणाले. "काय कू दत्ताभाऊ? मेरी चक्की से क्या दुश्मनी थी?"

"सत्तारभाई, तुम्हीच म्हणालात, मिट्टूला मिरची लागत नाही..."

"मैं मिट्टू कू खिलाव बोला. मोहल्ले कू नई!"

आता बायका बोलू लागल्या. त्यातलं काहीही इथं लिहिण्यासारखं नाही. मी खाली मान घालून ऐकत होतो, तेवढ्यात गल्लीच्या कोपऱ्यावरून आण्णांची हाक आली.

"दत्ता! हिकडं ये. लवकर!"

कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर बायकांनी खराब झालेलं पीठ आणि भाकऱ्या फेकल्या होत्या. तिथं मी जे पाहिलं ते गावच्या रानातही पाहिलं नव्हतं. साळुंक्या, चिमण्या, होले, बुलबुल, दोन पोपट, आणि नावं माहीत नसलेली आणखी कितीतरी. सगळी पंगत मजेत जेवत होती. एक खार धावत आली, तिनं तुकडा तोंडात घेतला आणि बाणासारखी परत गेली. माझा प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला होता, फक्त अंगण चुकलं होतं. आण्णा दोन्ही हात धोतरात घट्ट धरून उभे होते. (हात आपोआप उठू नये म्हणून.) त्यांच्या चेहऱ्यावर आई गेल्यापासून मी न पाहिलेलं हसू होतं.

"आण्णा, टिपला की दाणा! तुमच्या डोळ्यांदेखत!"

"टिपला. पन 'माझ्या अंगणात' असं लिहिलंय तू."

"एवढं काय धरून बसायचं?"

"मी नाय धरलं. तू सही घेतलीय माझी."

दिवस मावळला. संक्रांत आणि कर झाल्यावर ते जाणार होते. संक्रांतीला कुणी आमच्याकडं तिळगूळ द्यायला आलं नाही. गोड बोला असं आम्हाला कोण म्हणणार? आण्णांनी पिशवी भरली. मी त्यांचं इस्त्रीचं धोतर घडी करून दिलं आणि मला फार वाईट वाटलं. बाकीचं जाऊ दे, बापाला जवळ ठेवायला मला मूठभर दाणेसुद्धा नीट टाकता आले नव्हते.

करीच्या संध्याकाळी सत्तारभाई आले. गिरणी रिकामी पडली होती. त्यांनी चक्कीचा दगड धुऊन, जुनी ज्वारी दळून दळून साफ केला होता, पण बायकांचा विश्वास उडाला होता. सगळ्या बायकांची एकच मागणी होती: आठ दिवस प्रत्येक दळणाची पहिली चिमूट दत्ताभाऊंनी खायची, मगच डबा भरायचा.

मी रजा टाकून दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत बसलो. यष्टी दुपारची होती, म्हणून आण्णाही पिशवी घेऊन वाटेत थांबले. मी पहिल्या डब्याची चिमूट खाल्ली आणि 'चांगलं आहे' म्हणालो. दुसऱ्याला चांगलं म्हणालो. तिसरा डबा जोशीकाकूंचा होता; त्यातली चिमूट त्यांनीच काढून दिली. त्यालाही मी चांगलं म्हणालो. काकूंनी स्वतः चिमूट तोंडात टाकली आणि त्या माझ्याकडं बघत राहिल्या. भोगीच्या भाकरीनं माझी जीभ अशी मेली होती की मला मिठाचीसुद्धा चव कळत नव्हती.

"मीठ मिसळलेलं डाळीचं पीठ आहे ते," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज त्याच दिवशी परत आला होता. "तपासायला मुद्दाम डब्यात घालून आणलं होतं. याला तेही चांगलं वाटलं."

बायकांत कुजबुज सुरू झाली. सत्तारभाईंनी कपाळाला हात लावला. आण्णांनी पिशवी खाली ठेवली, माझ्या दंडाला धरून मला स्टुलावरून उठवलं आणि ते स्वतः बसले.

"सरक. आना हिकडं."

त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "चांगलं हाय. पन ही मालदांडी ज्वारी नाय बाई, दुकानदारानं फसवलं तुला." पुढच्या डब्याला म्हणाले, "ह्याला एकदा ऊन दाखव." तासाभरात रांग गल्लीच्या बाहेर गेली. दुपारची यष्टी निघून गेली, आणि कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मी बोललो नाही.

आठ दिवस झाले तरी आण्णा गिरणीत जात राहिले. एका संध्याकाळी गावाहून चुलतकाकांचा फोन आला. शेत वाट बघतंय, येता कधी, असं ते विचारत असावेत. आण्णा जरा मोठ्यानंच बोलतात, त्यामुळे मला बाहेर सगळं ऐकू आलं.

"नाय येत रं आता. शिमग्यापातुर तर नायच, म्होरलं बघू... करमन्याचं नाय, तसं नाय. पोरगं सत्तेचाळीस वर्साचं झालं, पन त्याला आजून एकटं ठिवन्याजोगं नाय. सुनबाई बिचारी किती संभाळील? लई दिस त्याला ह्या वस्तीत एकटं सोडलं, ती चूक माझीच."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतका अपमानास्पद शेरा मारून मंजूर झालेला अर्ज मी दुसरा पाहिला नाही. पण मंजूर तो मंजूर. मी गपचूप आत जाऊन त्यांचं अंथरूण घातलं.